वीरगळाची जागा वेशीवर

२१ ऑक्टोबर हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा भारतीय पोलीस धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ ठिकठिकाणच्या पोलीस मुख्यालयांत मानवंदना दिली जाते आणि वर्षभरात कर्तव्य बजावताना मरण पावलेल्यांची नावे वाचली जातात. गडचिरोली जिल्ह्यात मात्र या तारखेला आणखी एक अर्थ आहे. १८५८ साली २१ ऑक्टोबर याच दिवशी चांद्याच्या तुरुंगात बाबूराव शेडमाके यांना इंग्रज सरकारने फाशी दिले. सरकारविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या एका गोंड वीराची आणि सरकारचा गणवेश अंगावर असताना मरण पावलेल्या पोलिसांची, अशा दोन्ही स्मृती एकाच तारखेस एकत्र याव्यात, हा केवळ योगायोग खरा. परंतु या जिल्ह्याचे सारे दुखणे त्या योगायोगात सामावलेले आहे.

दुरून पाहणाऱ्यास या दोन स्मृती परस्परविरोधी वाटतील. एटापल्ली, भामरागड, अहेरी या तालुक्यांतील माणसाला तसे वाटण्याचे कारण नाही. येथे मरण पावलेला पोलीस पुष्कळदा बाहेरून आलेला नव्हता. १९९० साली नक्षलवाद्यांशी सामना करण्यासाठी साठ जवानांचे जे विशेष पथक उभारले गेले आणि पुढे ‘सी-६०’ या नावाने ओळखले गेले, त्यातील भरती मुख्यतः स्थानिक तरुणांतून झाली. जंगलाच्या वाटा जाणणारी, गोंडी-माडिया बोलणारी ही मुले होती. बंदुकीच्या एका बाजूस जी आडनावे होती, तीच पुष्कळदा दुसऱ्या बाजूसही होती. गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयातील सभागृहास शहीद पांडू आलाम यांचे नाव आहे. ते नाव उच्चारताच ते या मातीतलेच आहे, हे येथे कोणालाही सांगावे लागत नाही.

या जिल्ह्याने दिलेली किंमत लहान नाही. नक्षलवाद्यांशी झालेल्या संघर्षात येथील पोलीस दलाचे दोनशेहून अधिक जवान मरण पावले. २००९ हे वर्ष तर विसरताच येणार नाही. १ फेब्रुवारीस मरकेगाव येथे पंधरा, २१ मे रोजी धानोरा तालुक्यातील हत्तीगोटा येथे पाच महिला पोलिसांसह सोळा आणि ८ ऑक्टोबरला लाहेरीजवळ सतरा, अशा तीन घटनांतच अठ्ठेचाळीस पोलीस मृत्युमुखी पडले. पुढे २०१९ साली महाराष्ट्रदिनीच कुरखेडा तालुक्यात जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा जवान गेले. त्यांचे वाहन चालविणारा सोळावा माणूस पोलीस नव्हता. त्याच्याकडे आपण पुढे वळू.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीचा आवाज मंदावू लागला की स्मरणाचा प्रश्न उभा राहतो. लढाई चालू असताना स्मारक हेही लढाईचेच साधन असते. या जंगलात ते प्रत्यक्ष तसे होते. २८ जुलै ते ३ ऑगस्ट या काळात नक्षलवादी आपला शहीद सप्ताह पाळीत. गावाच्या कडेस, रस्त्यालगत लाल रंगाचे स्तूप उभारीत. पोलीस ते पाडीत. गावकऱ्याने मात्र उभारताना गप्प राहावे आणि पाडतानाही गप्पच राहावे, अशी त्याची स्थिती होती. एका बाजूची स्मारके उखडली आणि दुसऱ्या बाजूची ठाण्याच्या भिंतीआड राहिली, तर त्या गावकऱ्याच्या वाट्यास काय आले, हा प्रश्न विचारावयास हवा.

पोलिसांच्या आवारातील स्मृतिस्तंभ आवश्यक आहेत, यात वाद नाही. नव्या जवानाला आपल्या आधी कोण होऊन गेले, हे कळलेच पाहिजे. परंतु ठाण्याच्या आवारात सामान्य माणूस कामाशिवाय जात नाही, आणि काम पडले तरी जरा बिचकतच जातो. तेथील स्मारक हे दलाने दलासाठी केलेले स्मरण होय. समाजाने केलेले स्मरण ते नव्हे.

वस्तुतः आपल्याकडे याहून जुनी आणि शहाणी रीत होती. महाराष्ट्रभर विखुरलेले वीरगळ पाहा. तळच्या चौकटीत लढणारा किंवा पडलेला वीर, पुष्कळदा शेजारी त्याने शत्रूपासून राखलेली गुरे. मधल्या चौकटीत त्यास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा. वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. हे दगड गावाच्या वेशीवर वा देवळापुढे उभे राहिले, कारण तो मनुष्य गावासाठी मेला होता. माडिया समाजातही मृताच्या स्मरणार्थ शिळा उभी करण्याची प्रथा आहे. म्हणजे एटापल्लीच्या माणसास स्मारक म्हणजे काय, हे शहरातून कोणी शिकविण्याची गरज नाही. गरज आहे ती त्याला विचारण्याची.

दिल्लीत चाणक्यपुरी येथे २१ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे उद्घाटन झाले. शिल्पकार अद्वैत गडनायक यांनी घडविलेले तेथील ग्रॅनाइटचे मध्यवर्ती शिल्प तीस फूट उंच आहे, आणि भिंतीवर उद्घाटनसमयी ३४,८४४ नावे कोरलेली होती. राष्ट्राच्या राजधानीस ते शोभतेच. परंतु आपल्यास अधिक उपयोगी उदाहरण लंडनचे आहे. १९८४ साली सेंट जेम्स चौकात इव्हॉन फ्लेचर ही तरुण महिला पोलीस गोळी लागून मरण पावली. चित्रपट दिग्दर्शक मायकेल विनर यांनी पुढाकार घेऊन न्यास स्थापन केला, आणि पुढल्याच वर्षी जेथे ती पडली तेथेच एक लहानशी शिळा बसविण्यात आली. आपल्या मुंबईत गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांचा पुतळा आहे, तोही त्यांनी कसाबला जिवंत पकडून देताना प्राण दिले त्या जागेपाशीच. येणाराजाणारा तो पाहतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

गडचिरोलीतही असेच व्हावे. त्यासाठी भव्य पुतळे नकोत. मरण पावलेल्या जवानाच्या गावी, गावसभेने ठरविलेल्या जागी एक शिळा पुरे. ती स्थानिक कारागिराने घडवावी. तीवर मराठीबरोबर गोंडी वा माडिया मजकूर असावा. जुन्या वीरगळांवर बहुधा नाव नसे. आजच्या शिळेवर ते ठळक असावे. जिल्हा पोलिसांनी ‘एक गाव, एक वाचनालय’ असा उपक्रम चालविला आहे. त्यातील एखाद्या वाचनालयास त्या गावच्या जवानाचे नाव दिले, तर मुले त्या नावाखाली बसून पुस्तके वाचतील. याहून चांगली मानवंदना कोणती?

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पोलिसांविषयी येथील सर्वांचीच भावना आदराची नाही. चौकशीचा, झडतीचा, संशयाचा जाच अनेकांनी सोसला आहे. हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच स्मारक वरून लादलेले नसावे, आणि त्यावर सूडाची भाषा नसावी. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खबरे ठरवून ज्यांना नक्षलवाद्यांनी मारले ते गावकरी, चकमकीत नाहक बळी पडलेली माणसे, आणि जांभुळखेड्याचा तो चालक, यांचे काय? ज्यांच्या अंगावर गणवेश नव्हता, त्यांचे मरण कमी दर्जाचे ठरते काय? माझ्या मते गावच्या शिळेवर या सर्वांना जागा हवी. पोलिसाचा सन्मान त्यामुळे उणावत नाही. ज्या सामान्य माणसाच्या रक्षणासाठी तो मेला, त्याच्याच शेजारी त्याचे नाव लागते, एवढाच त्याचा अर्थ.

एक गोष्ट बाहेरच्यांना फारशी ठाऊक नसते. पोलिसात भरती झाल्यावर या भागातील अनेक जवानांना स्वतःच्या गावी मुक्कामास जाणे वर्षानुवर्षे जमले नाही. सणासुदीसही घरच्यांनीच तालुक्याला येऊन भेटावे, असे दिवस त्यांनी काढले. आईबापांच्या जिवाची भीती हेच त्याचे कारण. जिवंतपणी ज्याला आपल्या वेशीतून निर्धास्तपणे आत येता आले नाही, त्याचे नाव तरी आता त्या वेशीवर यावे, आणि शेजारपाजाऱ्यांनी ते न भिता वाचावे. या जिल्ह्यात खरोखर शांतता आली की नाही, याची कसोटीही तीच ठरेल.