मोटारसायकलच्या हँडलाची थरथर आणि स्टिअरिंग डॅम्पर

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ४ व आताचा ४८, कोगनोळीजवळ कर्नाटकात शिरतो आणि निपाणी, संकेश्वर, हत्तरगीवरून बेळगावास पोहोचतो. वाटेत निपाणीनजीकचा स्तवनिधीचा घाट आणि बेळगावच्या अलीकडचा वंटमुरीचा घाट असे दोन उतार लागतात. हा रस्ता चौपदरी झाल्यापासून मोटारसायकलींचा वेग वाढला, आणि त्याबरोबर एक जुनी तक्रार नव्याने ऐकू येऊ लागली. उतारावर किंवा मोकळ्या माळावर गाडी चांगल्या वेगात असता, एखाद्या सांध्यावरून वा खळग्यावरून चाक गेले की हँडल एकाएकी डावी-उजवीकडे थडथडू लागते. चालकाने ते जितके घट्ट दाबून धरावे तितके ते अधिकच उसळते. या दोषावर उपाय म्हणून स्टिअरिंग डॅम्पर नावाचे साधन मागाहून बसवून घेण्याकडे अलीकडे तरुण चालकांचा कल दिसतो. हे साधन नेमके काय करते आणि काय करीत नाही, हे समजून घेतल्यावाचून त्यावर पैसे खर्च करणे शहाणपणाचे नव्हे.

मोटारसायकलचे पुढचे चाक दवाखान्यातील ढकलगाडीच्या लहान चाकासारखे असते. हँडलाचा दांडा तिरपा बसविलेला असल्यामुळे त्याची रेषा जमिनीला जेथे मिळते, त्याच्या थोडे मागे टायर जमिनीला टेकतो. या मागे पडलेल्या अंतरामुळेच चाक आपोआप सरळ दिशेला येते व गाडी स्थिर राहते. परंतु ढकलगाडी वेगाने ओढली की तिचे चाक जसे फडफडते, तसेच येथेही घडू शकते. चाक मध्यावर परत येताना थांबत नाही, पलीकडे जाते, पुन्हा परतते. या हेलकाव्यांची गती सेकंदाला साधारणतः सहा ते दहा असते. माणसाचा हात इतक्या जलद गतीला उलट जोर देऊ शकत नाही. म्हणूनच हँडल आवळून धरण्याचा उपयोग होत नाही, उलट हात व खांदे त्या हेलकाव्याचाच भाग बनतात. अशा वेळी पुढचा ब्रेक जोरात दाबू नये. अंग थोडे पुढे झुकवावे, पकड सैल पण कायम ठेवावी आणि वेग हळूहळू उतरू द्यावा.

डॅम्पर म्हणजे हा हेलकावा जिरविणारे साधन. त्याची कल्पना नवी नाही. मद्रासेत १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या बुलेट गाडीच्या आणि म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत १९६१ पासून तयार झालेल्या जावा गाडीच्या जुन्या नमुन्यांत हँडलाच्या मधोमध एक गोल मूठ असे. ती पिळली म्हणजे आतील तबकड्या एकमेकींवर घट्ट दाबल्या जात आणि हँडल जड होई. ज्या गाडीला बाजूला साइडकार जोडलेली असे, तिच्या चालकाला या मुठीची गरज विशेष भासे. या पद्धतीत एक उणीव आहे. घर्षणाचा अडथळा हँडल हळू फिरविले काय किंवा झटक्याने फिरले काय, जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे बाजारपेठेच्या गल्लीत वळतानाही तो आड येतो.

आजचे साधन तेलाचे असते. एका नळीत तेल व दट्ट्या असून दट्ट्यातील बारीक छिद्रांतून तेलाला ये-जा करावी लागते. नळी सांगाड्याला व दांडा पुढच्या फोर्कला जोडलेला असतो. हँडल सावकाश फिरविले तर तेल सहज सरकते. झटक्याने फिरले तर तितक्या वेगाने तेल जाऊ शकत नाही आणि दट्ट्या अडतो. म्हणजे चालकाच्या हाताला वाट मोकळी, पण खळग्याच्या धक्क्याला अटकाव, असा हा व्यवहार आहे. जपानी सुझुकी कंपनीच्या हायाबुसा या अतिवेगवान गाडीला १९९९ पासून कारखान्यातूनच असा डॅम्पर बसविलेला येतो.

मागाहून डॅम्पर बसविण्याचे बोधप्रद उदाहरण याच कंपनीचे आहे. तिची टीएल १००० एस ही गाडी १९९७ साली बाजारात आली. वेगात हँडल थडथडण्याच्या तक्रारी झाल्यावर ब्रिटनमध्ये विकलेल्या गाड्या परत मागवून त्यांना डॅम्पर बसविण्यात आले. मात्र तेथे कोणत्या गाडीला किती अडथळा हवा हे गाडी घडविणाऱ्यांनीच ठरविले होते. दुकानातून आणलेला सर्वसाधारण डॅम्पर कोणत्याही गाडीला आवळणे ही गोष्ट वेगळी.

हा फरक महत्त्वाचा का, याचे उत्तर इंग्लंडमधील संशोधक रॉबिन शार्प यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सापडते. त्यांनी गणिताने दाखविले की, मोटारसायकलची अस्थिरता एकाच प्रकारची नसते. हँडलाची जलद थरथर हा एक प्रकार. संपूर्ण गाडीच मागच्या चाकासह सापासारखी डुलू लागणे हा दुसरा. हे डुलणे सेकंदाला दोन-तीन वेळाच होते, पण अधिक वेगात होते व म्हणूनच अधिक घातक असते. डॅम्परने पहिला दोष आटोक्यात येतो, परंतु तो फार कडक लावला तर दुसरा बळावू शकतो. हँडल जड झाल्यावर गाडी “बसली” असे वाटून चालक वेग वाढवितो, तेथेच धोका आहे.

म्हणून डॅम्परचा विचार करण्यापूर्वी थरथर कोठून येते ते शोधणे अगत्याचे. सीमाभागातील बहुतेक गाड्यांत तिचे मूळ कोनसेटमध्ये, टायरमध्ये किंवा ओझ्यात सापडेल. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून पुढचे चाक जमिनीवरून उचलावे. फोर्कची खालची टोके धरून मागे-पुढे हलवावीत. ठोका जाणवला तर कोनसेट सैल आहे. मग हँडल एका बोटाने मध्यापासून बाजूला ढकलावे. ते सहज एका अंगाला पडले पाहिजे. मध्यावरच खट् करून अडकत असेल तर बॉलच्या कड्यांत खाचा पडल्या आहेत, आणि त्या बदलण्याला पर्याय नाही. मागच्या चिमट्याचे बुश झिजले आहेत का, स्पोक सैल आहेत का, रिम आऊट आहे का, हेही त्याच वेळी पाहावे. महामार्गावर सरळ धावून टायर मधोमध चपटा होतो. असा टायर नक्षी शिल्लक असली तरी थरथरीला कारण होतो. हवा गाडी थंड असताना, कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणेच भरावी.

ओझ्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. या भागात पहाटे दूध संकलन केंद्राकडे जाणाऱ्या मोटारसायकलींना मागे दोन्ही बाजूंस कॅन टांगलेले असतात. ४० लिटरच्या एका भरलेल्या कॅनमध्ये दुधाचेच वजन ४० किलोहून थोडे जास्त भरते. हे वजन मागच्या आसाच्याही मागे लोंबत असल्याने पुढचे चाक हलके होते आणि गाडीची सरळ चालण्याची ताकद घटते. कॅन अर्धे असतील तर दुधाच्या हिंदकळण्याची त्यात भर. या गाडीला डॅम्पर बसविणे म्हणजे पडक्या भिंतीला रंग देण्यासारखे होय. कॅन शक्य तितके पुढे व खाली बांधावेत आणि वेग कमी ठेवावा, हाच तेथे उपाय. आठवड्याच्या बाजाराला मागे उंच गठ्ठे बांधून जाणाऱ्यांनाही हेच लागू पडते.

सर्व दोष दूर करूनही मोठ्या शक्तीच्या गाडीला डॅम्परची गरज उरली, तर त्या विशिष्ट गाडीसाठी बनविलेलाच घ्यावा. बसविल्यावर हँडल दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत फिरवून पाहावे. हँडलाचा मूळ अडसर आधी टेकला पाहिजे, डॅम्परचा दांडा नव्हे. दांडा आधी टेकला तर ऐन वळणावर हँडल अपुरे फिरेल व नळीही वाकेल. केबली, टाकी, यांना कोठे घासता कामा नये. जोर ठरविणारा स्क्रू सर्वांत सैल टप्प्यावर ठेवून सुरुवात करावी. बैलगाडीमागून संथ जाताना गाडी डगमगू लागली, तर अडथळा जास्त झाला असे समजावे, कारण तोल सांभाळण्यासाठी हँडल सतत बारीक हलवावे लागते आणि डॅम्पर तेच अडवीत असतो.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा केंद्रीय कायदा असल्याने चिक्कोडीचा के. ए. २३, बेळगावचा के. ए. २२ किंवा कोल्हापूरचा एम. एच. ०९, नोंदणी कोठलीही असो, नियम एकच. कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये सुटे भाग मागाहून बसविण्याचा स्पष्ट उल्लेख आहे: अनुज्ञेय नसलेल्या रीतीने बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. नोंदणीपत्रात डॅम्परचा रकाना नसतो एवढ्यावरून तो चालतो असे गृहीत धरू नये. गाडीच्या कंपनीने तो आपल्या अधिकृत साधनांत दिलेला आहे का हे विक्रेत्याकडे पाहावे, आणि नसल्यास काम करविण्यापूर्वी आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. अपघात झाल्यास विमा कंपनीचा निरीक्षकही हाच प्रश्न विचारतो. त्या वेळी कार्यालयाचे उत्तर कागदावर हाती असलेले बरे.