परसातले हिरवे खळे

पावसाळा सरून दिवाळीची चाहूल लागली की, गोव्यातील डिचोली आणि पेडणे महालांत घरोघरी अंगणात खळे करण्याची लगबग सुरू होई. चार महिन्यांच्या धारांनी ओरबाडलेली तांबडी भूमी खणावयाची, ढेकळे फोडून पाणी शिंपावयाचे, लाकडी चोपणीने ती इतकी चोपावयाची की टाचेचा ठसा उमटू नये, आणि मग शेणाचे सारवण. आमच्या सर्वणच्या घरी मात्र सारवणापूर्वी आजी तांब्याभर पाणी अंगणाच्या मध्यभागी ओतून ते कोणीकडे वाहते हे पाहत उभी राही, आणि पाणी घराच्या पायरीकडे वळले तर गड्याला म्हणे, “बाबा, इथे अजून दोन पाट्या माती घाल.”

हे आठवण्याचे कारण असे की, परसात कृत्रिम हिरवळीचे क्रीडांगण, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेले ‘टर्फ’, घालण्याचा विचार एखाद्या घरी निघाला म्हणजे सारी चर्चा गवताचा रंग, जाळी आणि दिवे यांभोवतीच फिरते. भूमीची आणि पाण्याची विचारपूस कोणी करीत नाही. इच्छा मात्र सर्वथा योग्य आहे. भाताची कापणी झाली की वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, न घातलेल्या शेतांत मुले वैशाखापर्यंत फुटबॉल खेळतात, पण मृग लागताच शेते नांगराखाली जातात आणि त्या चपळ पायांना सोप्यावर बसून पावसाकडे पाहत राहण्याची सक्ती होते.

कृत्रिम हिरवळीचा बोलबाला मात्र पावसाच्या त्रासातून झाला नाही, तो छपरातून झाला. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १९६५ साली उघडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोडोम’ या आच्छादित क्रीडागारात छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या झळाळीत खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगविली. त्यासरशी उन्हाला पारखे झालेले खरे गवत मेले, आणि १९६६ साली तेथे नायलॉनचे गवत अंथरले गेले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच अशा पृष्ठावर खेळली गेली आणि मातीवर वाढलेल्या भारतीय संघाला सातव्या स्थानावर उतरावे लागले, ही जखम जुन्या क्रीडारसिकांच्या मनात अजून ताजी आहे. आज गोव्यात म्हापशाला पेडे येथे हॉकीचे आणि धुळेर येथे फुटबॉलचे असे मैदान आहे.

घरच्या परसाकडे वळताना पहिले काम दप्तराचे. परस घराला लागून आहे एवढ्यावरून ते घरवाडीच ठरते असे नाही. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदींचा, उतारा काढून त्यात कूळ म्हणून कोणाची नोंद आहे का हे पाहावे, कारण कूळकायद्यान्वये कुळाकडे आलेली शेतजमीन अन्य कामी लावण्यास १९९१ च्या कायद्याने मनाई आहे. आणि जमीन शेतीची असेल तर रूपांतराच्या सनदेचा प्रश्न येतोच.

खरे काम त्यानंतरचे. वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असे क्रीडांगण धरले, तर आषाढातल्या एखाद्या दिवशी पडणाऱ्या शंभर मिलिमीटर पावसाचे त्यावर २०,००० लिटर पाणी होते, म्हणजे दोन मोठे टँकर परसात रिकामे करावेत तसे. त्याला वाट हवी. म्हणून वरची माती वीतभर काढून टाकावी, तळाचा जांभ्याचा मुरूम धुम्मस व रूळ यांनी दाबावा, आणि त्याला शेकडा एक एवढा उतार द्यावा, म्हणजे दहा मीटर रुंदीत दहा सेंटिमीटर. डोळ्यांना हा उतार जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. त्यावर पाणी झिरपू देणारे कापड, मग जाड खडी, बारीक खडी आणि शेवटी कच, प्रत्येक थर स्वतंत्रपणे दाबून. सभोवार चिऱ्यांची कड आणि सखल बाजूला भोके पाडलेली नळी. काँक्रीटची लादी घालण्याचा आग्रह कंत्राटदार धरील, परंतु ज्या परसात विहीर आहे तेथे भूमीचे तोंड लिंपून टाकणे मला मान्य नाही.

हिरवळ स्वतः दोन किंवा चार मीटर रुंदीच्या गुंडाळ्यांतून येते. फुटबॉलसाठी तिचे पाते चाळीस ते साठ मिलिमीटर लागते, क्रिकेट वा टेनिससाठी दहा-बारा पुरते. सर्व पट्ट्यांची लव एकाच दिशेला ठेवून सांध्याखाली पट्टी व गोंद लावतात. ओल्या तळावर हा सांधा टिकत नाही, म्हणून हे काम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच, खळ्याच्या जुन्या ऋतूतच, उरकावे. मग पात्यांच्या मुळाशी कोरडी वाळू ब्रशाने भरतात. टायरच्या रबराचे काळे दाणेही सुचविले जातील. ते पावसाबरोबर वाहून जातात, आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमाने २०३१ नंतर त्यांच्या विक्रीला तेथे बंदी होणार आहे. विहिरीच्या शेजारी ते नकोतच.

चैत्र-वैशाखाच्या दुपारी हे पृष्ठ साठ अंशांच्याही वर तापते आणि अनवाणी पायांना भाजते, म्हणून फणस-आंब्याची सावली तोडून त्याला जागा करू नये. गळलेली पाने रोज झाडावीत, एवढा त्रास सोसावा. पावसाळ्यात शेवाळ धरू नये म्हणून ताठ ब्रश फिरवावा.

आणि मुरूम दाबून झाल्यावर, खडीचा ट्रक दारात उभा असला तरी, घागरभर पाणी मध्यभागी ओतून घरातल्या थोरामोठ्यांना तेथे बोलवावे. जेथे पाणी थबकेल तेथे चुन्याने खूण करावी, ती जागा भरून पुन्हा दाबावी, आणि पुन्हा घागर ओतावी. खडीखाली गेलेला खळगा पुढे कोणालाच दिसत नाही, पहिल्या पावसात मात्र मुलांच्या पायांना तो बरोबर सापडतो.