चुकलेली चाल आणि घटलेली साखर

पटावर मोहरी कमी उरली की बुद्धिबळ सोपे होते, हा गैरसमज. एक प्यादे आणि दोन राजे एवढेच उरले तरी एका घराने डाव फिरतो. कडेचे प्यादे सोडून द्या. मधले एखादे सहाव्या ओळीत आले, पाठीशी त्याचा राजा आणि ऐन समोर आपला राजा असेल, तर आपण सरळ मागे सरकायचे. बरोबरी होते. तिरके सरकलो की प्याद्याचा वजीर झालाच म्हणा.

रावेरात ऊन उतरल्यावर ओट्यावर रंगलेल्या दोस्तीच्या डावात, दोन तास झुंजून, सत्तरीच्या एका गृहस्थांनी राजा नेमका तिरका नेला. समोर चाळीस वर्षांचा जोडीदार. जिंकत असूनही तो थबकला. "अण्णा, ही चाल तुमची नाही." अण्णा चिडले, उत्तर मात्र अडखळत आले. कपाळावर घाम, हात थरथरत होते. खानदेशातल्या मे महिन्यात घामाकडे कोण बघतो? मधुमेहाची गोळी घेतली होती, जेवण डावापायी राहिले होते. आमच्याकडे आणले तेव्हा साखर ५२ होती. ७०च्या खाली गेली की ती कमीच समजायची.

मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे २० टक्के, तीही मुख्यतः ग्लुकोजची. पुरवठा घटला की हिशेब, संयम, बोलणे बिघडते. (बुद्धिबळपटू दिवसाला ६,००० कॅलरी जाळतो, असे सांगतात. त्यावर माझा विश्वास नाही. विचार करताना मेंदूचा खर्च फारसा वाढत नाही. १९८४-८५ साली मॉस्कोत ४८ डावांनंतर लढत निकालाविना थांबली तेव्हा कार्पोव्ह खंगलेला दिसत होता, पण पाच महिन्यांचा ताण ही वेगळी गोष्ट.)

अशा वेळी आधी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. आपल्याकडे हात पहिला केळ्याकडे जातो. केळे उत्तम, पण साखरेइतके झटपट नाही, ते नंतर. १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, १०८ला फोन करा. काही गोळ्यांचा असर तासन् तास टिकतो, विशेषतः वयस्कांत आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत. म्हणून बरे वाटले तरी लगेच जेवा आणि दवाखान्यात दाखवा. अण्णांना आम्ही रात्रभर ठेवून घेतले. पहाटे साखर पुन्हा उतरली होती.