दिव्यांग बालक, पालक आणि वैद्यांचे कर्तव्य

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे अंग बालकाच्या भरणपोषणाचा आणि वाढीचा विचार करते. काश्यपसंहितेत फक्कचिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. एक वर्षाचे होऊनही जे बालक पायांनी चालत नाही ते फक्क होय, असे तेथे म्हटले असून क्षीरज, गर्भज आणि व्याधिज असे त्याचे तीन प्रकार वर्णिले आहेत. घृते, शोधन आणि तैलाभ्यंग यांच्या जोडीला तीन चाकांचा रथ करून त्याच्या आधाराने बालकास हळूहळू चालण्याचा अभ्यास द्यावा, असेही त्या अध्यायात सांगितले आहे. औषधाबरोबर साधन आणि अभ्यासही हवा, ही दृष्टी आपल्या शास्त्रात प्राचीन काळापासून आहे. आजच्या काळात या साधनांमध्ये कायदा, शासकीय योजना आणि योग्य ठिकाणी पाठविलेली एक चिठ्ठी यांचाही समावेश करावयास हवा. प्रस्तुत लेखाचा हाच विषय आहे.

पालक आपल्याकडे का येतात?

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम यांपैकी काही निदान झाले की पालकांना बहुधा 'हे पूर्ण बरे होणार नाही' एवढेच वाक्य ऐकावयास मिळते. पुढे काय करावयाचे हे सांगणारा कोणी भेटत नाही. मग ते वैद्याकडे येतात, किंवा औषधी दुकानात जाऊन 'बुद्धीचे काही औषध द्या' असे म्हणतात. आपण त्यांचे शांतपणे ऐकून घेतो, म्हणून त्यांचा आपल्यावर विश्वास बसतो. हा विश्वास आपले सर्वांत मोठे बळ आहे. त्याचा गैरवापर होऊ देणे हे सर्वांत मोठे पातकही आहे.

म्हणून पहिले कर्तव्य सत्य सांगण्याचे. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत असते, हे १९५९ साली सिद्ध झाले. ती प्रत कोणत्याही औषधाने नाहीशी होत नाही. 'सहा महिन्यांत मूल बोलू लागेल' अशी हमी शास्त्राला धरून नाही. विशिष्ट रोगांवरील उपचारांचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे, याचेही भान फलक लावताना ठेवावे. मात्र व्याधी असाध्य असला तरी बालक चिकित्साबाह्य ठरत नाही. मलावष्टंभ, अग्निमांद्य, निद्रानाश, स्नायूंचा ताठरपणा, वारंवार होणारा कास-श्वास यांवर आपण निश्चित साहाय्य करू शकतो. त्याने बालकाचा आणि मातेचा दिवस सुसह्य होतो.

चिकित्सेतील काही सावधानता

अशा बालकांना उपचार देताना पुढील बाबींचे भान आवश्यक आहे.

१) अपस्माराची आधुनिक औषधे चालू असतील तर ती एकाएकी बंद करू नयेत. अचानक बंद केल्याने झटक्यांची मालिका सुरू होऊन जीवितास धोका संभवतो. कमी करण्याचा निर्णय ती औषधे देणाऱ्या तज्ज्ञाचाच असावा.

२) सेरेब्रल पाल्सीच्या अनेक बालकांना गिळण्यास त्रास असतो. त्यांना आडवे निजवून तूप, तेल वा एरंडतेल पाजल्यास ते श्वासमार्गात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. घृतपान व नस्य यांचा विचार गिळण्याची तपासणी करूनच करावा.

३) डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असण्याची शक्यता असते. जोरदार मर्दन करणे किंवा नस्यासाठी मान फार मागे झुकविणे टाळावे. या बालकांत हृदयाचे जन्मजात दोष आणि थायरॉइडची न्यूनता वारंवार आढळते. त्या तपासण्या झाल्या आहेत का, हे विचारावे.

४) शिसे विकसनशील मेंदूस घातक आहे. बालकांमध्ये रसकल्पांची योजना अत्यंत विचारपूर्वक करावी. औषधी दुकानदारांनी निर्मात्याचे नाव व परवाना क्रमांक नसलेली पुडी 'बुद्धिवर्धक' म्हणून कदापि देऊ नये.

लवकर ओळखणे हेच अर्धे साहाय्य

'त्याचे वडीलही उशिरा बोलले होते' असे म्हणून कित्येक घरांत मोलाची वर्षे निघून जातात. पाचव्या महिन्यापर्यंत मान न सावरणे, नवव्या महिन्यापर्यंत आधाराविना न बसणे, वर्षाचे झाल्यावरही नावाने हाक मारता वळून न पाहणे, दीड वर्षापर्यंत न चालणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द न जोडणे, आलेले शब्द पुन्हा हरपणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास वाट पाहू नये. बालकाची श्रवणतपासणी अवश्य करावी. जन्मजात थायरॉइडन्यूनता पहिल्या काही आठवड्यांत ओळखून उपचार झाले तर बौद्धिक अक्षमता बहुतांशी टाळता येते, हे तर प्रत्येक सुईणीलाही ठाऊक असावयास हवे.

या कामात आपल्या शाखेचा वाटा शासनमान्यही आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्यातील जन्मदोष, आजार, न्यूनता आणि विकासातील विलंब या चार गटांपैकी शेवटचा गट आपल्या विषयाचा आहे. या कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत दोन आयुष वैद्यक अधिकारी असतात. गावोगावच्या अंगणवाडीत जाऊन बालके तपासणारे आपले अनेक पदवीधर बंधू-भगिनी हे काम करीत आहेत. त्यांनी शोधलेले बालक जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत खरोखर पोहोचले की नाही, याचा पाठपुरावा गावातील खासगी वैद्यालाही करता येईल.

हक्कांची माहिती

१९९५ च्या अपंगत्व कायद्यात सातच प्रवर्ग होते आणि स्वमग्नतेचा त्यांत उल्लेखही नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रवर्ग २१ झाले. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यामुळे 'आमच्याकडे अशी मुले घेत नाहीत' हे शाळेचे उत्तर अंतिम समजण्याचे कारण नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आपणास नाही. तो अधिसूचित वैद्यकीय प्राधिकाऱ्यांचा आहे. परंतु वैश्विक ओळखपत्रासाठी संगणकावर अर्ज भरावा लागतो, हे पालकांना सांगणे आणि अर्ज भरून देण्यास साहाय्य करणे कोणत्याही चिकित्सालयास शक्य आहे.

दुसरा कायदा १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी तो आहे. न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण असून त्यात बाह्यरुग्ण उपचार, थेरपी आणि मर्यादित प्रमाणात पर्यायी चिकित्साही येते. आणखी एक गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते. अपत्य १८ वर्षांचे झाले की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. बँकेचे खाते, वारसा, शस्त्रक्रियेची संमती असे प्रश्न पुढे तेथेच अडतात.

मुलींचा प्रश्न

वयात येणाऱ्या मुलीची आई संकोचाने विचारते, 'पाळी बंद होईल असे काही द्याल का?' तिच्यावर रागावू नये. ती थकलेली असते आणि तिला मुलीच्या सुरक्षिततेची भीती असते. पण त्या मागणीस होकारही देऊ नये. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील बौद्धिक अक्षम मुलींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या, तेव्हा देशभर वादंग उठले होते. २०१६ च्या अधिनियमानुसार दिव्यांग व्यक्तीच्या स्वतंत्र व समजून दिलेल्या संमतीविना वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. अशा मातेस अन्य साहाय्य हवे असते. मुलीला स्वच्छतेची सवय चित्रांच्या आधारे टप्प्याटप्प्याने शिकविता येते, कष्टार्तव असल्यास त्यावर चिकित्सा करता येते, आणि चांगला व वाईट स्पर्श ओळखावयासही तिला शिकवावे लागते.

'आमच्यानंतर कोण?'

हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या मनात असतो. महाराष्ट्रात त्याची उत्तरे प्रामुख्याने पालकांनीच शोधली. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ मध्ये एका मुलीच्या आईवडिलांनी उभारली. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी आपल्या कन्येच्या अनुभवातून स्पॅस्टिक्स सोसायटीची स्थापना केली. डोंबिवलीजवळ खोणी येथे पालकांच्या संघटनेने 'घरकुल' हे प्रौढ मुलांचे निवासस्थान चालविले आहे. आपल्याकडे येणाऱ्या एकाकी कुटुंबास अशा दुसऱ्या कुटुंबाशी जोडून देणे हे कोणत्याही कल्पाइतकेच गुणकारी ठरते. मातेच्या निद्रेची, कटिशूलाची आणि विषादाचीही विचारपूस करावी. गर्भिणीने काही केले म्हणून असे मूल झाले, हा दोष सासरघरी तिच्या माथी मारला जातो. वैद्याने सर्वांसमक्ष स्पष्ट शब्दांत तो खोडून काढावा. आपल्या शब्दाला त्या घरात वजन असते.

संघटनेने काय करावे?

डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. दाद मागण्याची जागा आहे, परंतु तेथवर नेणारा हात हवा. प्रत्येक जिल्हा शाखेने शीघ्र हस्तक्षेप केंद्र, विशेष शाळा, स्थानिक स्तर समिती आणि पालकसंघ यांचे पत्ते असलेला एक तक्ता छापून सभासदांच्या चिकित्सालयात व औषधी दुकानांत लावावा. वर्षातून एकदा शिबिर घेऊन ओळखपत्राचे व 'निरामय'चे अर्ज तेथेच भरून द्यावेत. आपल्या दवाखान्याच्या पायऱ्यांना उतार करावा. केसपेपरवर 'मतिमंद' हा शब्द लिहिणे थांबवावे.

या कामास मोठा निधी लागत नाही. पुढील अंकापूर्वी प्रत्येक सभासदाने निदान एका कुटुंबास प्रमाणपत्रापर्यंत पोहोचवावे आणि त्याची नोंद आपल्या शाखेकडे द्यावी, अशी नम्र विनंती आहे.