धुराचा भाव

1 जानेवारी 2005 रोजी युरोपीय संघाने कारखान्यांच्या धुराला मर्यादा घातली आणि धूर सोडण्याचे परवाने बाजारात आणले. एक परवाना म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. वीस वर्षं उलटली. कंपन्यांनी आधी हिशेबाच्या वह्या बदलल्या. धुराड्यांची पाळी बरीच उशिरा आली.

सुरुवातीला किमान 95 टक्के परवाने फुकट वाटायचे होते. किती लागतील याचा अंदाज सढळ हाताने बांधला गेला. एप्रिल 2006 मध्ये खऱ्या उत्सर्जनाचे आकडे बाहेर आले, तेव्हा परवाने गरजेपेक्षा जास्त निघाले. तीसेक युरोंचा भाव काही आठवड्यांत निम्म्याखाली घसरला. त्यात हे परवाने पुढच्या टप्प्यात चालणार नव्हते. 2007 सरताना ते काही सेंटवर आले.

खरी कमाई केली वीज कंपन्यांनी. परवाना फुकट मिळाला, तरी त्याची किंमत त्यांनी विजेच्या दरात धरली. कोकणातला बागायतदार घरच्या हापूसची पेटी पाहुण्याला देताना मनात वाशीचा भाव मोजतोच, तसंच हे: जे विकता आलं असतं ते जाळलं, म्हणजे खर्च झालाच. अर्थशास्त्र चोख होतं, पण बिल भरणाऱ्याला ते कोण समजावणार? 2013 पासून बहुतेक वीज कंपन्यांना परवाने लिलावात विकत घ्यावे लागले. पोलाद-सिमेंटवाल्यांनी मात्र ‘आम्ही देशाबाहेर जाऊ’ हा धाक दाखवून फुकटचा वाटा राखला. मंदीत भट्ट्या थंडावल्या, परवाने उरले, ते त्यांनी विकले किंवा जपून ठेवले. एप्रिल 2013 मध्ये भाव तीन युरोंच्याही खाली होता. त्या भावात भट्टी कोण बदलणार?

ब्रिटन थांबला नाही. त्याच महिन्यात त्याने वीजकेंद्रांवर जादा कार्बन कर बसवला आणि 2015 मध्ये तो टनामागे 18 पौंडांवर नेला. तेवढ्याच विजेसाठी कोळसा वायूच्या दुपटीहून अधिक कार्बन सोडतो, त्यामुळे कोळशाचं गणित कोलमडलं. 2012 मध्ये ब्रिटनची सुमारे 40 टक्के वीज कोळशाची होती; 30 सप्टेंबर 2024 रोजी रॅटक्लिफ हे देशातलं शेवटचं कोळसा वीजकेंद्र बंद झालं. सगळं श्रेय कराला देणं बरोबर नाही, केंद्रं जुनी होती आणि प्रदूषणाचे नियमही आड येत होते. पण शेवटचा धक्का भावाचा.

युरोपने 2019 पासून जादा परवाने बाजारातून काढायला सुरुवात केली. फेब्रुवारी 2023 मध्ये भावाने शंभरी गाठली. आता 2026 पासून ठरावीक आयात मालावरही कार्बनची किंमत लागू झाली आहे, आणि यादीत साधे नट-बोल्टही आहेत. युरोपातला आयातदार चाकण-भोसरीच्या बोल्टवाल्याला ‘किती कार्बन सुटला?’ असं विचारणार, तो वायर रॉड देणाऱ्या पोलाद कारखान्याला. तिथून आकडा आला नाही, तर युरोपने ठरवलेला आकडा लागतो, आणि तो सहसा महागच असतो.