वडोदऱ्याहून घर हलवताय? शेअर ट्रकमध्ये आपलं सामान एकटं नसतं

मंडळी, मे महिना आला की सोसायटीत एक प्रश्न हमखास येतो. कोणाच्या पोराची वडोदऱ्याहून बदली झालेली असते. कोणी कोयलीच्या रिफायनरीतून किंवा तिथल्या केमिकल कंपनीतून रिटायर होऊन कायमचा गावी यायला निघालेला असतो. वीस-पंचवीस वर्षांचा संसार आणायचा कसा? अख्खा ट्रक परवडत नाही आणि दोन खोल्यांच्या सामानाने तो भरतही नाही. मग कोणीतरी सांगतं, "पार्ट लोडमध्ये टाक, स्वस्त पडतं."

स्वस्त पडतं हे खरं. पण त्या गाडीत आपल्या कपाटाशेजारी कोणाची तरी मशीन असते, आपल्या गादीवर कोणाची तरी पोती असतात. वडोदरा ते रत्नागिरी अंतर सातशे किलोमीटरच्या वर. घरून छोट्या हत्तीत माल चढतो आणि गोदामात उतरतो. तिथून मोठ्या गाडीत चढतो, महामार्ग ४८ ने भरूच, सुरत, वापी करत भिवंडीकडे येतो आणि बऱ्याचदा तिथे गाडी बदलते. पुढे महामार्ग ६६, मग गावात पुन्हा टेम्पो. मोजून बघा, एकेक नग आठ वेळा उचलला-ठेवला जातो. उचलणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक नग असा बांधायचा की आपण जवळ नसतानाही तो तग धरेल आणि हरवला तर ओळखता येईल.

आधी ठरवा, काय आणायचं नाही

भाडं जागेवर ठरतं. वजन कमी असलं तरी जागा खाणारी वस्तू महाग पडते. वडोदऱ्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर जीव वाचवतो. आपल्याकडे हवाच दमट, तिथे तो गारवा देत नाही, उलट चिकचिक वाढवतो. तो तिथेच विकून टाका. भुशाच्या बोर्डाचं फर्निचर आपल्या पावसात फुगतं, तेही तिथेच द्या. सागवानी खाट, पाट, जुनी पेटी, तांब्या-पितळेची भांडी मात्र जरूर आणा.

गॅसची शेगडी आणणाऱ्यांनी नीट वाचा. वडोदऱ्यात बऱ्याच घरांत पाइपचा गॅस आहे. त्या शेगडीच्या जेटचं भोक मोठं असतं. तीच शेगडी इथे सिलिंडरला जोडली तर जाळ भडकतो, काजळी धरते. मेकॅनिककडून जेट बदलून घेतल्याशिवाय पेटवू नका. पाइपचं कनेक्शन रीतसर बंद करून डिपॉझिट मागा. सिलिंडर असेल तर तो रेग्युलेटरसकट एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या. नवीन कनेक्शन घेताना ते लागतं. सिलिंडर, रॉकेल, पेट्रोल सामानाच्या गाडीत अजिबात टाकू नका.

बांधणी

हे आपल्या लोकांना शिकवायला नको. होडी भरताना जड खाली, हलकं वर आणि काहीही हलता कामा नये, हे तांडेल पहिल्या दिवशी सांगतो. खोक्यालाही तोच नियम.

पुस्तकं, लोखंडी सामान, पाटा-वरवंटा अशा जड वस्तू लहान खोक्यात भरा. मोठ्या खोक्यात चादरी, उशा, कपडे. एका माणसाला सहज उचलता येईल एवढंच वजन ठेवा. जड खोकं हमाल उचलत नाही, आपटतो. खोक्याचा तळ चिकटपट्टीने दुहेरी बंद करा. आत पोकळी राहिली तर जुने कपडे कोंबा. पोकळ खोकं वरचं वजन आलं की बसतं.

काचेच्या बशा आडव्या रचू नका. प्रत्येक बशी कागदात गुंडाळून उभी ठेवा. पातेली एकात एक, मध्ये टॉवेल. तेल, लोणचं, मसाल्याचे डबे सामानाच्या गाडीत देऊ नका. डबा गळला तर आपल्याबरोबर दुसऱ्याची गादीही जाते आणि वाद आपल्या गळ्यात पडतो. इकडून वडोदऱ्याला सामान पाठवणाऱ्यांनीही सुके बोंबील, सोडे, जवळा सोबतच्या पिशवीत न्यावा. बंद गाडीत चार दिवस तो वास दुसऱ्याच्या कपड्यांना लागला तर मग ऐकून घ्यावं लागतं.

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून रिकामा करा, बर्फ वितळू द्या, आतून कोरडा पुसा. दार दोरीने बांधा आणि फ्रीज उभाच न्यायला सांगा. घरी उतरल्यावर काही तास थांबून मग चालू करा. वॉशिंग मशीनमधलं पाणी काढून टाका. पुढून दार असलेल्या मशीनला कंपनीने दिलेले ट्रान्झिट बोल्ट परत लावावे लागतात, नाहीतर ड्रम खिळखिळा होतो. टीव्ही उभाच न्यायचा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत अ‍ॅसिड असतं, ती आधी सांगूनच द्या.

मोटारसायकलची टाकी रिकामी करा. जीजे ०६ नंबरची गाडी महाराष्ट्रात कायमची ठेवणार असाल तर निघण्याआधी तिथल्या आरटीओकडून एनओसी घ्या. एका कागदासाठी परत वडोदऱ्याला जावं लागू नये.

खूण

समुद्रात शेकडो बोये तरंगतात, तरी आपला बोया लांबून ओळखू येतो, कारण त्याला आपला रंग असतो. सामानालाही तसाच एक रंग द्या. प्रत्येक नगावर एकाच रंगाचा पट्टा, दोन बाजूंना नाव, फोन नंबर, उतरायचं गाव आणि नगाचा आकडा लिहा. एकूण १८ नग असतील तर १/१८, २/१८ असं. नुसतं 'किचन' लिहिलेली खोकी गोदामात दहा जणांची असतात.

कागद

गाडी ठरवताना चार गोष्टी विचारा. भिवंडीत किंवा वाटेत गाडी बदलणार का? माल किती दिवसांत पोचेल? हमाली आणि शेवटचा टेम्पो भाड्यात धरला आहे का? ट्रान्सपोर्टरचा नोंदणी क्रमांक काय? उत्तरं लेखी घ्या, निदान मेसेजवर. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. माल अडवून ठेवून जास्त पैसे मागण्याचे प्रकार होतात आणि तेव्हा लेखी आकडाच कामी येतो.

बिल्टीशिवाय माल सोडू नका. सोबत नगांची यादी दोन प्रतींत करा आणि एकीवर त्यांची सही घ्या. मोठ्या वस्तूंचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. मालवाहतुकीसाठी २००७ चा कायदा आहे. त्याखालच्या नियमांप्रमाणे, आपण मालाची जास्त किंमत लिहून जादा जोखीम-दर भरला नसेल तर भरपाईला भाड्याच्या १० पटींची मर्यादा असते. म्हणजे भाडं ९,००० रुपये असेल तर ९०,००० च्या वर हिशोब जात नाही. घरातला माल त्याहून महाग असेल तर किंमत लिहा किंवा वेगळा विमा काढा. नुकसान झालं तर लेखी नोटीस माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. दिवस मोजायचे ते बुकिंगपासून, माल मिळाल्यापासून नाही.

वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. नवीन, खोकं न फोडलेली वस्तू असेल तर तिचं खरेदीचं बिल जवळ ठेवा.

दागिने, रोकड, घराचे कागद, सर्व्हिस बुक, पेन्शनचे कागद, औषधं हे सगळं आपल्या अंगाबरोबर.

वेळ

जूनच्या आत उरकलं तर उत्तम. मासेमारी बंदी १ जूनपासून असते. तेव्हा घरातली माणसं हाताशी असतात, पण पाऊसही तेव्हाच येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी वडोदऱ्यात घराघरांत शिरलं होतं. पावसाळ्यात माल गोदामात थांबणार असेल तर तो जमिनीवर नको, फळीवर ठेवा, असं आधीच सांगा. गादीला प्लास्टिक घालताना ती पूर्ण कोरडी हवी, नाहीतर आतून बुरशी येते.

मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या पोळांत मोठी गाडी शिरत नाही. छोटी गाडी आदल्या दिवशीच ठरवा. शेअरचा ट्रक भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून पाच-सहा दिवसांचे कपडे, दोन भांडी आणि अंथरूण-पांघरूण आपल्याबरोबर घ्या. समुद्रात जाताना शिधा एका दिवसाचा जास्त घेतो, तसंच हे.

माल आला की सही करण्याची घाई नको. ड्रायव्हर घाई करणारच. आधी नग मोजा, आकडे जुळवा. खोकं फाटलेलं, ओलं किंवा कमी असेल तर त्यांच्या प्रतीवर तसं लिहा आणि मगच सही करा. लिहिलं नाही तर नंतर भांडायला आधार उरत नाही.

माणूस पंचवीस वर्षं बाहेर राबून घरी येतो तेव्हा त्याच्या आईची पेटी, लग्नातली भांडी शाबूत पोचली पाहिजेत. ती पैशाने परत मिळत नाहीत.

आपल्यातलं कोणी वडोदऱ्याहून निघणार असेल तर त्यांना हे पाठवा. सामान उतरवायला माणसं लागली तर सोसायटीत एक दिवस आधी कळवा. चार हात मिळतील.