एक सिस्टर अन् तीस खाटा : नर्स कमी पडल्या की पेशंटचा जीव धोक्यात का येतो?

रात्रीची वेळ. ग्रामीण रुग्णालयात सलाईन संपत आलेलं, नातेवाईक हाका मारतायत, पण सिस्टर येत नाही. मग आरडाओरड सुरू होते. त्याच वेळी ती सिस्टर दुसऱ्या खोलीत बाळंतिणीपाशी अडकलेली असते. चूक कुणाची, हे समजायला साधा हिशोब पाहू.

रुग्णालय २४ तास चालते. दिवसाला ३ पाळ्या, आठवड्याला २१. एक नर्स आठवड्यात ६ पाळ्या करते. समजा, ३० खाटांच्या रुग्णालयात नर्सची १० पदे मंजूर आहेत आणि ३ रिक्त. उरल्या ७. सात सक बेचाळीस, भागिले २१, म्हणजे एका पाळीला फक्त २. एक प्रसूती कक्षात, दुसरीवर अख्खा वॉर्ड. त्यातली एखादी रजेवर गेली की कुणाला तरी लागोपाठ दोन ड्युट्या कराव्या लागतात.

धोका इथेच आहे. बाळंतपणानंतर पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी आणि रक्तस्राव पाहावा लागतो. सिस्टरला मध्येच दुसरीकडे पळावे लागले, तर जास्त रक्त जातंय हे उशिरा कळते. घाईत औषध चुकते, हात धुवायचे राहतात, जंतुसंसर्ग पसरतो. रात्री एकट्या माणसाला दोन शेतांत दारं धरता येत नाहीत. इथेही तसंच.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला, की ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्निया राज्याने तर एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट, हे कायद्यानेच ठरवले. तो नियम २००४ पासून लागू आहे.

मग गावकऱ्यांनी काय करायचं? बाळंतिणीजवळ एक जाणतं माणूस कायम ठेवा. रक्त जास्त जात असेल, चक्कर येत असेल, तर लगेच सांगा. इंजेक्शन देताना पेशंटचं नाव सांगा. सिस्टर औषध मोजत असताना मध्येच बोलू नका.

आणि राग सिस्टरवर काढू नका, योग्य ठिकाणी विचारा. मंजूर पदे किती, भरलेली किती, हे १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात मागता येते. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. तो कागद घेऊन रुग्ण कल्याण समिती आणि आमदारांकडे जा. सिस्टरवर ओरडून रिक्त जागा भरत नाही.